पावलं मोजणारं यंत्र

नवी कोरी स्टेपर मोटर अजून कशालाच जोडलेली नसताना तिचा दांडा चिमटीत धरून फिरवून पाहावा. पंख्याच्या मोटरीचा फिरतो तसा तो मोकळा फिरत नाही. बोटांना बारीक बारीक खाचा लागत जातात, आणि एका पूर्ण फेऱ्यात अशा २०० खाचा असतात. मोटरीतून चार वायर बाहेर आलेल्या असतात. त्यांतल्या कुठल्या दोन एका कॉइलच्या, हे मीटर नसलं तरी कळतं. कुठल्याही दोन वायरींची उघडी टोकं एकमेकींना टेकवायची आणि दांडा पुन्हा फिरवायचा. जोडी चुकली असेल तर काहीच बदलत नाही. जोडी जमली की तोच दांडा एकदम जड होतो. हाताने फिरवल्यावर मोटरीचा जनरेटर झालेला असतो. तिने तयार केलेला प्रवाह जोडलेल्या वायरींतून परत तिच्यातच फिरतो आणि तिच्याच फिरण्याला विरोध करतो. शाळेत लेन्झचा नियम पाठ केलेला असतो, पण तो असा बोटांना लागतो तेव्हा कुठे पटतो.

अशा तीन-चार मोटरी, तीन-चार लांब स्क्रू, लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची चौकट, कोरणारं पातं फिरवायला एक स्पिंडल आणि हाताच्या पंजात मावेल असं एक सर्किट. घरी बांधायचा सीएनसी राउटर एवढ्यात उभा राहतो. देवघराची जाळी, दारावरची वेलबुट्टी, दुकानाच्या पाटीवरची उठावाची अक्षरं, आता तालुक्याच्या गावीही ज्या कामाला ‘सीएनसी कटिंग’ म्हणतात ते सगळं हेच यंत्र करतं. कारखान्यातलं मशीन लाखांत जातं, म्हणून हौशी माणूस घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये स्वतःचं बांधायला घेतो. यवतमाळ जिल्हा त्यासाठी वाटतो तितका आडबाजूचा नाही. हा कापसाचा मुलूख. जिनिंगच्या यंत्रांचे दांडे आणि बेअरिंगं दुरुस्त करता करता हात बसलेले लेथवाले आणि वेल्डर इथे सापडतात. बॉलस्क्रू, ड्रायव्हर, आर्डुइनो ही मंडळी कुरिअरने दारात येतात. आणि पांढरकवडा, घाटंजी, झरीकडची जंगलं सागाची. लाकडासाठी परमुलखात जायला नको.

या यंत्राबद्दल पहिली थक्क करणारी गोष्ट अशी, की ते आंधळं असतं. आपण कुठे आहोत हे त्याला दिसत नाही, जाणवत नाही, कुणी सांगतही नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून आपल्याच घरात ‘दारापासून सात पावलं, मग उजवीकडे चार’ असं मोजत चालणाऱ्या माणसासारखं ते चालतं. आणि मोजतं तेही टाकायला सांगितलेली पावलं. पाऊल खरोखर पडलं की नाही, हे तपासायची सोय साध्या घरगुती मशीनमध्ये नसतेच. वाटेत कुणी खुर्ची ठेवली तर हा माणूस तिला धडकून जागच्या जागी पाय आपटत राहील, मनातल्या मनात मात्र स्वयंपाकघरात पोचलेला असेल. तरीही हे यंत्र केसापेक्षा बारीक अचूकतेने गणपतीची सोंड कोरतं. कसं?

आधी पावलाचा हिशेब. मोटरीचा एक फेरा म्हणजे २०० पावलं. पण ड्रायव्हर नावाची डबी मोटरीच्या दोन कॉइलमधला प्रवाह थोडा इकडे, थोडा तिकडे असा वाटून दोन खाचांच्या मधेही दांड्याला उभं करू शकते. प्रत्येक पावलाचे आठ भाग केले, की फेऱ्याची १,६०० पावलं झाली. दांड्याला जोडलेला बॉलस्क्रू एका फेऱ्यात नटाला ५ मिलिमीटर पुढे सरकवतो. १,६०० भागिले ५ म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पावलं. एक पाऊल ३ मायक्रॉनहून किंचित मोठं. माणसाच्या केसाच्या जाडीत अशी वीसएक पावलं बसतील. आपला सुतार अजूनही सुतात बोलतो, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. त्या एका सुतात हे यंत्र १,०१६ पावलं टाकतं. गंमत म्हणजे कोरणाऱ्या छोट्या बिटांचा दांडाही जगभर नेमका तेवढाच जाड मिळतो. एक सूत!

हातातलं चाक सोडून आकड्यांनी यंत्र हाकायची कल्पना निघाली ती हेलिकॉप्टरच्या पात्यांवरून. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी या गावी जॉन पार्सन्स सिकॉर्स्की कंपनीसाठी हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याच्या आडव्या छेदाचा वळसा मोजक्या १७ बिंदूंवरून हाताने आखायचा, अशी तेव्हाची रीत. पार्सन्स आणि त्याचा इंजिनिअर फ्रँक स्ट्युलन यांनी पंचकार्डवर चालणाऱ्या हिशेबाच्या यंत्राकडून त्याच वळशाचे २०० बिंदू काढून घेतले. मग मिलिंग मशीनवर माणसं उभी केली. एकाने यादीतले आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने एक्सचं चाक तेवढं फिरवायचं, तिसऱ्याने वायचं. एका बिंदूवर छिद्र, मग पुढचा बिंदू. शेवटी उरलेले दात कानशीने घासून टाकायचे. कंटाळवाणं काम, पण पात्याचा आकार पूर्वी कधी आला नव्हता इतका नेमका आला. चाक फिरवणाऱ्या दोघांच्या जागी मोटरी आणि वाचणाऱ्याच्या जागी छिद्रं पाडलेली कागदी पट्टी आली, की सीएनसीचा पूर्वज तयार. १९४९मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्यासाठी कंत्राट दिलं, पार्सन्सने एमआयटीची प्रयोगशाळा गाठली आणि १९५२मध्ये तिथे तसं मशीन चालवून दाखवलं गेलं. शेकडो व्हॅक्यूम ट्यूब लागल्या होत्या त्याला. नियंत्रणाचं कपाटच मशीनपेक्षा मोठं होतं.

यवतमाळच्या माणसाला हेलिकॉप्टरचं पातं म्हटलं की फुलसावंगी आठवल्याशिवाय राहत नाही. महागाव तालुक्यातल्या या गावचा शेख इस्माईल शेख इब्राहिम, लोक त्याला मुन्ना हेलिकॉप्टर म्हणत. आठवीनंतर शाळा सुटलेला, वेल्डिंगमध्ये हात बसलेला हा तरुण मारुती ८००चं इंजिन घेऊन एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधत होता. ऑगस्ट २०२१मध्ये जमिनीवरच चाचणी घेताना मागच्या पंख्याचं पातं तुटून मुख्य पंख्यावर आदळलं, तो पंखा त्याच्या डोक्याला लागला आणि तो गेला. काहींनी त्याला वेडा ठरवलं. मला ते पटत नाही. गावात बसून यंत्राची कल्पना करणं, तिला लोखंडात उतरवणं आणि ती सुरू होईपर्यंत दम न सोडणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. त्याच्याभोवती कमी होती ती चाचणी घेणाऱ्या बाकाची, मोजमापाच्या साधनांची आणि ‘थांब, आधी हेल्मेट घाल’ म्हणणाऱ्या अनुभवी माणसाची. मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं आपल्या हाताशी आहे, ही गोष्ट राउटर बांधणाऱ्यालाही लागू आहे. त्याकडे येतोच.

आकड्यांची पट्टी गेली, आकडे राहिले. आज मशीनला दिला जाणारा हुकूम असा असतो: ‘जी१ एक्स५० वाय२० एफ१८००’. म्हणजे सरळ रेषेत, एक्सच्या ५० आणि वायच्या २० मिलिमीटरवर जा, मिनिटाला १,८०० मिलिमीटरच्या वेगाने. जी० म्हणजे हवेतून घाईने जाणं, जी२ आणि जी३ म्हणजे कमान, एम३ म्हणजे स्पिंडल सुरू, एम५ म्हणजे बंद. हुकूमनाम्याची ही बोली इतकी जुनी आणि इतकी गद्य आहे, की नवा माणूस ती एका दुपारी वाचायला शिकतो. अर्थात सोंडेच्या वळणासाठी असे हजारो हुकूम हाताने कोण लिहिणार? ते काम संगणक करतो. एमआयटीनेच १९५९मध्ये पत्रकारांना बोलावून अशा आज्ञावलीचं प्रात्यक्षिक दिलं आणि प्रत्येकाला मशीनवर कोरलेला ॲल्युमिनियमचा ॲशट्रे भेट दिला. इतका गाजावाजा रक्षापात्रासाठी. आज इंकस्केप किंवा फ्रीकॅडसारखी फुकट सॉफ्टवेअरं तेच काम जुन्या लॅपटॉपवर करून देतात.

हुकूम आला, पण त्याची पावलं कोण करणार? घरगुती मशीनमध्ये हे काम बहुधा ‘जीआरबीएल’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम करतो. सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेच्या माणसाने २००९मध्ये तो लिहून जगाला फुकट देऊन टाकला आणि मग अनेकांनी तो वाढवला. तो चालतो आर्डुइनो ऊनोवर, शाळकरी मुलं दिवे उघडझाप करायला वापरतात त्याच पाटीवर. तिची कामचलाऊ स्मृती २ किलोबाइट. देवनागरीचं एक अक्षर साठवायला संगणकाला तीन बाइट लागतात, काना-मात्रा धरला तर आणखी. म्हणजे तुम्ही वाचताय तो हा परिच्छेदसुद्धा तिच्यात मावणार नाही. एवढ्या जागेत हा प्रोग्रॅम पुढचे १६ हुकूम वाचून ठेवतो, पुढे वळण कितपत तिखट आहे ते पाहून वेग आधीच कमी करायला लागतो, आणि त्याच वेळी तिन्ही मोटरींना पावलं मोजून देतो. मिनिटाला १,८०० मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ३० मिलिमीटर, म्हणजे एका मोटरीला सेकंदाला ९,६०० ठोके. दोन ठोक्यांच्या मधे जेमतेम १०४ मायक्रोसेकंद. त्यात भागाकार करत बसायला त्या चिपला फुरसत नाही.

इथे कामाला येते ती १९६२ची एक युक्ती. आयबीएममधल्या जॅक ब्रेझनहॅमला कागदावर रेघा काढणाऱ्या प्लॉटरसाठी तिरकी रेघ हवी होती, पण लेखणी फक्त ठरावीक पावलांनी सरकायची. समजा, एक्सने ७ पावलं जायचं आहे आणि तेवढ्यात वायने ३. मग वायने नेमकं कधी कधी हलायचं? ब्रेझनहॅमची रीत भागाकार करतच नाही. मनात एक बेरीज धरा, सुरुवातीला ३. एक्सचं प्रत्येक पाऊल पडलं की तीत ३ मिळवा. बेरीज ७ किंवा ७च्या वर गेली, की वायचं एक पाऊल टाका आणि बेरजेतून ७ वजा करा. करून पाहा. ३ची ६ झाली, वाय गप्प. ६ची ९ झाली, वायचं पाऊल, उरले २. मग ५, गप्प. मग ८, पाऊल, उरला १. मग ४, गप्प. मग ७, पाऊल, उरलं शून्य. शेवटी ३. वाय हललं ते दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या पावलाला. तीन पावलं बरोबर वाटून, खऱ्या तिरक्या रेघेच्या अर्ध्या पावलापेक्षा कुठेही जास्त दूर न जाता. आणि बेरीज जिथून निघाली तिथेच, ३वर, परत आली. पुढच्या रेघेसाठी तयार. पहिलीतल्या पोराला येणारी बेरीज-वजाबाकी, आणि तीवर देवघराची अख्खी जाळी कापून निघते. मला तरी या साऱ्या प्रकरणात याहून सुंदर काही सापडलेलं नाही.

वर्तुळाचं काय? तर मशीनला वर्तुळ येतच नाही. जी२चा हुकूम मिळाला की जीआरबीएल त्या कमानीचे छोटे सरळ तुकडे पाडतो, इतके छोटे की खऱ्या कमानीपासून फरक ०.००२ मिलिमीटरच्या आत राहावा. १०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ म्हणून तुम्ही जे हातात घेता, त्याला ३५१ बाजू असतात. नख फिरवून सापडली तर सांगा.

आता या ३ मायक्रॉनच्या फुशारकीला टाचणी लावायची वेळ. मशीन बांधून झालं, की बिटाच्या जागी एक पोलादी दांडा धरावा, त्याला डायल गेज टेकवावं आणि अंगठ्याने आडवं दाबावं. पहिल्यांदा बांधलेल्या लाकडी चौकटीत काटा सहज ०.३ मिलिमीटर हलतो. म्हणजे शंभरएक पावलं गेली अंगठ्याच्या एका दाबात. पावलं टाकणारी मोटर जागची हललेली नाही, तिचा हिशेब चोख आहे. चौकट वाकली आहे. एका लेथवाल्या भाऊंनी हे माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितलं होतं: “चौकटच हालून राहिली भाऊ, तं तुह्या कम्प्युटरचं काय लोणचं घालतं?”

म्हणून नव्या माणसाने पैसे मोटरीवर उधळण्याआधी पोलादाकडे पाहावं. तुळईचं वाकणं तिच्या लांबीच्या घनाबरोबर वाढतं. तीच नळी दुप्पट लांब केली, की आठपट वाकते. उलट भरीव पट्टी दुप्पट उंच केली, की वाकणं एक अष्टमांश. आठ फूट बाय चार फुटाचा प्लायवूडचा अख्खा ताव कापणारं मशीन पहिल्याच फटक्यात बांधायचा मोह सगळ्यांना होतो, आणि हा घनाचा नियम सगळ्यांना जमिनीवर आणतो. दोन-अडीच फुटांचं आखूड, जाडजूड मशीन दिसायला ठेंगणं असतं, पण त्याने कापलेली खाच आखीव येते.

नळ्या वेल्ड केल्या की तापून थंड होताना खेचल्या जातात, हे वेल्डरला माहीत असतं. तो टाके समोरासमोर देतो, एका कडेने झरझर वेल्ड ओढत नाही. तरीही काटकोन थोडा बिघडतोच. तो गुण्या लावून दिसेल असा नसतो. म्हणून मशीनकडूनच ३०० मिलिमीटरचा एक चौरस कापून घ्यायचा आणि त्याचे दोन कर्ण मोजायचे. एक्स आणि वाय यांच्यातला कोन एक दशांश अंशाने जरी चुकला असेल, तरी दोन कर्णांत सुमारे पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो साध्या पट्टीवर दिसतो. मग एक वर्तुळ कापायचं. त्यात घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ या जागी बारीक पायरी दिसली, तर स्क्रू आणि नट यांच्यात सैलपणा आहे, कारण वर्तुळ फिरताना नेमक्या याच चार जागी कुठला ना कुठला अक्ष दिशा उलटवतो. उलटताना नट आधी मोकळी जागा ओलांडतो आणि मग ढकलायला लागतो. पावलं पडली, गाडा जागचा हलला नाही. आंधळ्या यंत्राला हे कळलं नाही, पण त्याने कापलेल्या लाकडात ते लिहिलं गेलं.

स्पिंडलचीही एक मजा आहे. भिंतीतली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. तीवर चालणारी कुठलीही इंडक्शन मोटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वर जाऊ शकत नाही, मग तिच्यावर कितीही पैसे घाला. आणि लाकूड कोरायला हवेत १८,०००, २४,००० फेरे. म्हणून मधे व्हीएफडी नावाची पेटी बसवतात. ती घरातल्या सिंगल फेजची आधी डीसी करते, मग तिच्यातून थ्री फेज वीज नव्याने घडवते, सेकंदाला ४०० आवर्तनं करणारी. ४०० गुणिले ६०, झाले २४,०००. जिल्ह्याच्या लाइनवर कुठेही नसलेली वीज टिनाच्या शेडमध्ये तयार होते. तिचा एक त्रासही आहे: ती आजूबाजूच्या वायरींत इतका विद्युत गोंगाट सोडते, की अक्षाच्या टोकाला बसवलेल्या लिमिट स्विचला कुणी हात न लावताही मशीन ‘धडकलो’ म्हणून थांबतं. शिल्डेड केबल आणि नीट केलेलं अर्थिंग, यावर तोडगा एवढाच. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचं विसरू नये. यवतमाळच्या मेमध्ये जमीन पार कोरडी पडते.

फेरे जास्त म्हणजे काम चांगलं, हा समज मात्र चुकीचा. बिटाच्या प्रत्येक धारेने लाकडाचा एक छोटा छिलका काढला पाहिजे. दोन धारांचं बिट १८,००० फेऱ्यांनी फिरतंय आणि प्रत्येक धारेने ०.०५ मिलिमीटरचा छिलका काढावा असं आपल्याला वाटतंय, तर तिघांचा गुणाकार होतो १,८००. मशीनने मिनिटाला तेवढे मिलिमीटर पुढे सरकायला हवं. भीतीपोटी वेग ३००वर आणला, तर धार कापत नाही, नुसती घासते. बिट तापतं, कडा काळी पडते, आणि भुशात ठिणगी पडून आग लागायचीही भीती असते. नवशिके हळू चालवून बिट जाळतात, जुने जोरात चालवून मोडतात. पहिल्या प्रकारात नुकसान जास्त, कारण ते उशिरा कळतं. मिनिटाला ३६,००० म्हणजे सेकंदाला ६०० छिलके. म्हणून चांगल्या कापाचा एक ठरावीक सूर ऐकू येतो. धार बोथट झाली की सूर कर्कश होतो. कानाला सवय झालेला मिस्त्री बाहेर चहा पीत असला तरी उठून आत येतो.

सागावर धार लवकर बोथट होते. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच घटक, झाडाने मुळांतून ओढून पेशींत साठवलेला. दिसायला मऊसूत, रंध्याखाली लोण्यासारखा जाणारा साग धार मात्र भराभर खातो. हायस्पीड स्टीलचं बिट इथे फार टिकत नाही, कार्बाइडच लागतं. दुसरं, साग तेलकट. त्या तेलामुळेच वाळवी आणि पाणी यांना तो दाद देत नाही. पण त्यामुळेच कोरलेल्या तुकड्यावर डिंक नीट धरत नाही, आधी ॲसिटोनने पुसून घ्यावं लागतं. एमडीएफ कोरायला सोपा, रेषा-दाणा काही नाही, पण पावसाळ्यात दमट हवेने फुगतो आणि त्याची धूळ वाईट. ती पिठाहून बारीक असते, फॉर्मल्डिहाइडच्या राळेने बांधलेली असते, आणि गमछा तोंडाला बांधून तिला अडवता येत नाही. व्हॅक्यूम आणि चांगला मास्क, दोन्ही हवेत. डोळ्यांना चष्मा हवा. हातमोजे मात्र नकोत, गळ्यात दुपट्टाही नको: फिरत्या बिटाने कापडाचा धागा पकडला, तर त्यामागोमाग हात जातो. आणि लाल रंगाचं, तळहाताने ठोकता येईल असं बंद करायचं बटण मशीनच्या पलीकडे लावू नये. बिटावरून हात न नेता पोचता येईल अशा जागी लावावं. एवढी साधी गोष्ट कितीतरी शेडमध्ये उलटी पाहिली आहे.

आणि मग लाइन जाते. तीन तासांचं काम दोन तासांवर आलेलं असतं, आणि शेडमध्ये एकदम शांतता. मोटरींची पकड सुटते, मोजलेली सगळी पावलं पुसली जातात. वीज आल्यावर यंत्राला आपण कुठे आहोत याची काडीमात्र कल्पना नसते; ते जिथे असेल त्या जागेला शून्य समजून बसतं. यावर उपाय म्हणजे ‘होमिंग’. प्रत्येक अक्षाच्या टोकाला एक स्विच असतो. यंत्र हळूहळू तिकडे सरकतं, स्विचला टेकतं, थोडं मागे येतं, आणि मग आणखी हळू पुन्हा टेकतं. ती झाली मशीनची जन्मखूण. तिच्यापासून लाकडाचा कोपरा किती लांब, हे आपण आधी लिहून ठेवलं असेल, तर अर्धवट काम तिथूनच धरता येतं. उंचीचं शून्य लावायची रीत जुन्या लेथवाल्यांचीच: बिटाखाली वहीचा कागद सरकवत राहायचं आणि बिट एकेक पाऊल खाली आणायचं. कागद अडकू लागला, की बिट आणि लाकूड यांच्यात एका कागदाचं अंतर, साधारण ०.१ मिलिमीटर. लाखभर पावलं बिनचूक टाकणाऱ्या यंत्राचं पहिलं पाऊल कुठे, हे असं वहीच्या पानावर ठरतं.

या सगळ्याची सुरुवात करणारे लोक यंत्रवालेच होते असं नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक टेड हॉल यांना प्लायवूडच्या नावा बांधायच्या होत्या. तुकडे नेमके कापायला परवडेल असं मशीन मिळेना, म्हणून १९९०च्या दशकात त्यांनी स्वतःच बांधलं आणि त्यातून शॉपबॉट ही कंपनी निघाली. महाराष्ट्रात ही हवा फार लवकर पोचली, तीही शहरात नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला होता. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून ते या दुष्काळी गावात आले आणि शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज यांतून विज्ञान शिकवू लागले. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी फॅब लॅबची, म्हणजे कुणीही येऊन हवी ती वस्तू बनवावी अशा कार्यशाळेची, कल्पना काढली, तेव्हा अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२मध्ये याच पाबळला झाली. पार्सन्सच्या मिलिंग मशीनपासून निघालेली गोष्ट पन्नास वर्षांत एमआयटीहूनच शिरूर तालुक्यात आली. यवतमाळमध्ये अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे, पुसदलाही आहे, तंत्रनिकेतन आहे. त्यांच्या कार्यशाळा संध्याकाळी गावातल्या वेल्डरला आणि सुताराला उघड्या मिळाल्या, तर काय होईल ते पाहायला मला आवडेल. मोजमापाची साधनं तिथे कपाटात पडून असतात आणि ज्याला हवीत तो बाहेर असतो.

मशीन उभं राहिलं की त्याचं पहिलं काम ठरलेलं: स्वतःची बैठक रंधणे. टेबलावर एमडीएफचा एक ताव स्क्रूने घट्ट बसवतात आणि रुंद बिट लावून मशीनकडूनच त्याचा वरचा थर अर्धा मिलिमीटर उतरवून घेतात. टेबल वाकडं असो, फरशी उतरती असो, ताव आता बिटाच्या चालीला समांतर झाला. बिट जिथे जिथे फिरेल तिथे त्याची उंची सारखी. त्यानंतर हौशी माणूस जे करतो ते सगळीकडे सारखंच आहे: मशीनचे जे भाग आधी करवतीने आणि कानशीने जमेल तसे काढले होते, मोटरी धरणाऱ्या पाट्या, बेअरिंगच्या खोबण्या, स्पिंडलची पकड, ते तो याच मशीनवर नव्याने कापतो. आधी एमडीएफमध्ये, आणि चौकट थोडी ताठ झाली की १० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियममध्ये, एका वेळी पाव मिलिमीटर उतरवत, बिटावर स्पिरिटचे थेंब सोडत. नव्या पाट्या बसवल्या की मशीन आणखी ताठ होतं, आणि मग त्याला दिसतं की गाड्याच्या पाट्याही बदलायला हव्यात. काढून टाकलेल्या एमडीएफच्या पाट्या फार दिवस शेडमध्ये राहत नाहीत. आर्णी नाहीतर दारव्ह्याहून कुणीतरी येतं आणि आपलं पहिलं मशीन उभं करायला त्या मागून नेतं.